एक चित्रकार, एक दुर्बीण आणि दहा लाख अळ्या

हाय व्होल्टेजचं जर्नल लिहिताना एक नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहावं लागलं, कारण स्पेलिंगच जमेना. विद्युत शाखेवाल्यांना 'लिश्टेनबर्ग आकृत्या' ठाऊक असतील. विजेची ठिणगी इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर पसरते तेव्हा झाडाच्या फांद्यांसारखी जी नक्षी उमटते ती. त्या आकृत्या फोटोच्या काचेवर पकडण्याचं काम १८८८च्या सुमारास ज्यानं केलं त्याचं नाव त्रुव्हलो. काही पुस्तकांत त्यांना 'त्रुव्हलो आकृत्या' असंही म्हणतात.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाचं कीटकशास्त्राचं पुस्तक चाळत होतो (तो ॲग्रीला आहे). त्यातही त्रुव्हलो! अमेरिकेतल्या लाखो एकर जंगलाचा निष्पर्ण सांगाडा करणारी कीड ज्याच्या हातून सुटली तो माणूस. मला वाटलं, आमच्या वर्गात तीन पाटील आहेत तसे हे दोन त्रुव्हलो असतील. मग लायब्ररीत एका खगोलशास्त्राच्या जुन्या पुस्तकात शनीचं एक अप्रतिम चित्र दिसलं, खाली चित्रकाराचं नाव : त्रुव्हलो. तेव्हा मात्र शोधाशोध केली. तिन्ही एकच निघाले राव!

एटिएन लिओपोल्ड त्रुव्हलोचा जन्म २६ डिसेंबर १८२७चा, उत्तर फ्रान्समधल्या गियांकूर या खेड्यातला. तरुणपणी तो प्रजासत्ताकवादी होता. १८५१च्या डिसेंबरात लुई नेपोलियननं सत्ता बळकावली आणि असल्या मंडळींना फ्रान्समध्ये राहणं अवघड झालं. त्रुव्हलोनं देश सोडला. १८५७च्या सुमारास बायकामुलांसह तो अमेरिकेत पोचला आणि बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावात, मर्टल स्ट्रीटवर २७ नंबरच्या घरात स्थायिक झाला. पोटासाठी चित्रं काढायची, शिळाछापाचं काम करायचं. घराच्या मागे झाडोरा होता, आणि या झाडोऱ्यापासूनच पुढचं सगळं रामायण सुरू होतं.

त्रुव्हलोला किड्यांचा नाद होता. आपल्याकडे कुणाला बाइकचा असतो, कुणाला क्रिकेटचा, तसा. पण हा नाद अगदीच बिनकामाचा नव्हता. त्या काळात युरोपातला रेशीम उद्योग पेब्रिन नावाच्या रोगानं बसला होता. रेशीमकिडे पटापट मरत होते, फ्रान्सनं त्यासाठी खुद्द पाश्चरला कामाला लावलं होतं. इकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे उत्तरेकडच्या गिरण्यांना दक्षिणेचा कापूस मिळेना. अशा वेळी अमेरिकेच्या रानातच राहणाऱ्या एखाद्या पतंगापासून रेशीम काढता आलं तर? त्रुव्हलोनं हा विचार मनावर घेतला. त्यानं वेगवेगळे देशी पतंग तपासले आणि शेवटी 'पॉलिफेमस' नावाचा पतंग निवडला. पंख पसरले तर जवळजवळ वीतभर, आणि मागच्या पंखांवर मोठाले डोळे. हा आपल्या टसरच्या पतंगाचा सख्खा चुलतभाऊ आहे. दोघांची प्रजाती एकच, अँथेरिया. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडांवर ज्याच्या अळ्या पाळतात, तोच टसर. त्यामुळे आमच्या विदर्भातल्या मित्रांना त्रुव्हलोची कल्पना वेडगळ वाटणार नाही. इतरांना वाटली तर त्यांनी टसरची साडी किती रुपयांना येते ते विचारून यावं.

सुरुवात १८६०ची. पहिल्या वर्षी त्याला हिंडून हिंडून फक्त दोन अळ्या मिळाल्या. दोनच! त्यांतून एक नर आणि एक मादीच बाहेर पडावी, तीही जवळपास एकाच वेळी, हा नशिबाचा भाग. तसं झालं आणि अंडी मिळाली. मग वर्षागणिक संख्या वाढत गेली. घरामागच्या झुडपांवर त्यानं मोठमोठी जाळी टाकली, पक्षी खाऊ नयेत म्हणून कुंपण घातलं, आणि १८६५ साली त्याच्याकडे जाळीखाली दहा लाख अळ्या होत्या. पाच एकर रान नुसतं अळ्यांनी वळवळत होतं. कसलंही सरकारी अनुदान नाही, प्रयोगशाळा नाही, गाईड नाही. आपण सेमिस्टर प्रोजेक्टला चार रेझिस्टर जळाले तरी हाय खातो.

आणि हे सगळं तो नीट मोजून-मापून करत होता. १८६७ साली 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या मासिकात त्यानं या अळीवर लेखमाला लिहिली. अंड्यातून बाहेर पडलेली अळी ५६ दिवसांत आपल्या जन्माच्या वेळच्या वजनाच्या ८६,००० पट पाला खाते, हा हिशोब त्याचाच. आजही हा आकडा पुस्तकांतून फिरत असतो, मांडणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी गळालेलं असतं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

१८६८-६९च्या सुमारास त्रुव्हलोनं युरोपातून आणखी एका पतंगाची अंडी आणली. लिमँट्रिया डिस्पार त्याचं शास्त्रीय नाव. इंग्रजीत त्याला जिप्सी मॉथ म्हणत. जिप्सी हा शब्द रोमा लोकांना अपमानास्पद वाटतो म्हणून २०२१मध्ये अमेरिकेच्या कीटकशास्त्र संस्थेनं ते नाव काढून टाकलं आणि २०२२मध्ये 'स्पंजी मॉथ' हे नाव दिलं, कारण त्याचा अंडीपुंज स्पंजच्या तुकड्यासारखा दिसतो. आपण या लेखात स्पंजी पतंगच म्हणू. हा आणण्यामागे देशी पतंगाशी संकर करून रोगाला दाद न देणारा रेशीमकिडा बनवण्याचा त्याचा बेत होता, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. पण रेशीमकिडा, पॉलिफेमस आणि स्पंजी पतंग यांची कुळंच वेगळी. मांजर आणि म्हैस यांचा संकर करण्यासारखाच हा प्रकार.

अंडी फुटली, अळ्या झाल्या, आणि त्यांतल्या काही निसटल्या. कुणी सांगतं वाऱ्यानं जाळी फाटली, कुणी सांगतं खिडकीत ठेवलेली अंडी वाऱ्यानं उडाली. काहीही असो, घरामागे झाडोरा होताच. त्रुव्हलोला या अळीचा उपद्रव ठाऊक होता. युरोपात तिनं झाडं उघडी पाडल्याच्या नोंदी जुन्या आहेत. आसपासच्या झाडांवर त्यानं अळ्या शोधल्या, मारल्या, ओळखीच्या कीटकशास्त्रज्ञांनाही कळवलं, असं त्याच्या बाजूनं सांगतात. आणि बातमी खरोखरच बाहेर गेली होती. मिसुरी राज्याचा कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यानं १८७० सालीच छापून टाकलं होतं की मॅसॅच्युसेट्सच्या एका कीटकप्रेमीकडून ही युरोपी अळी चुकून सुटली आहे आणि ती पसरते आहे. नाव लिहिलं नव्हतं.

म्हणजे चूक झाल्याझाल्याच कळलेली होती. सांगणारानं सांगितलंही. ऐकणारानं काय केलं? काहीही नाही. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त खटकतो. त्या वेळी एका गल्लीपुरत्या अळ्या होत्या. चार माणसं, दोन शिड्या आणि घासलेटचा एक डबा एवढ्यात काम झालं असतं. पण ज्याच्या हातात पैसा आणि माणसं होती त्या सरकारच्या लेखी तेव्हा ती बाब नव्हतीच. सगळा दोष त्रुव्हलोच्या माथी मारणारे लेख मी बरेच वाचले, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

यानंतर त्रुव्हलोनं किड्यांचा नाद जवळजवळ सोडला. १८७०च्या सुमारास आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे देखावे दिसले, आणि त्यानं ते बघून रंगवले. ही चित्रं हार्वर्डच्या वेधशाळेचे प्रमुख जोसेफ विनलॉक यांच्या पाहण्यात आली. त्यांनी या माणसाला बोलावलं आणि १८७२मध्ये वेधशाळेत घेतलं. खगोलशास्त्राची पदवी? नव्हती. डोळा आणि हात, एवढीच गुणपत्रिका.

आज आपल्याला वाटेल, दुर्बीण होती तर फोटो का नाही काढला? त्या काळच्या फोटोच्या काचा तेजोमेघासारख्या अंधुक गोष्टींसाठी फारच मंद होत्या. सूर्य-चंद्राचे फोटो निघत, पण बारीक तपशील डोळ्याला जेवढा दिसे तेवढा काचेवर येत नसे. म्हणून चित्रकार लागे. त्रुव्हलोची पद्धत आपल्या पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगला शोभेल अशी होती. दुर्बिणीच्या नेत्रिकेत चौकटी कोरलेली काच बसवायची, समोरच्या कागदावर तेवढ्याच चौकटी आखायच्या, आणि ज्या चौकटीत जे दिसेल ते त्याच चौकटीत उतरवायचं. म्हणजे प्रमाण चुकायला जागाच नाही. रात्रीच्या थंडीत, एक डोळा मिटून, हातात पेन्सिल. ड्रॉइंग हॉलमध्ये पंखा बंद म्हणून ओरडणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) याचा विचार करावा.

सूर्यावरचे डाग, गुरूचे पट्टे, शनीची कडी, चंद्रावरचे 'समुद्र'... तो काढत राहिला. १८७५ साली वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेनं आपली २६ इंची दुर्बीण त्याला वापरायला दिली. त्या काळी जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या भिंगाच्या दुर्बिणींत तिची गणना होई. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं मांडली गेली. १८७८च्या जुलैतलं खग्रास सूर्यग्रहण टिपायला तो वायोमिंगमधल्या क्रेस्टन इथे गेला. आयुष्यभरात त्यानं सुमारे ७,००० चित्रं काढली आणि ५०च्या आसपास शोधनिबंध लिहिले. त्यांतली निवडक १५ चित्रं १८८१-८२मध्ये न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर प्रकाशनानं रंगीत शिळाछापात काढली. संचाची किंमत १२५ डॉलर, म्हणजे वेधशाळा आणि लायब्रऱ्यांनीच घ्यावी अशी. पुढे फोटोग्राफी सुधारली तशी बऱ्याच ठिकाणी ही चित्रं जुनी म्हणून फेकून दिली गेली. आज जे थोडे संच उरलेत ते संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. १८८१च्या धूमकेतूचं चित्र जरूर बघा.

१८८२मध्ये तो फ्रान्सला परतला. तिथलं राजकारण आता बदललं होतं, राजाबिजा कुणी उरला नव्हता. पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेत जॅन्सन यांच्या हाताखाली त्याला जागा मिळाली. १८८३चं खग्रास ग्रहण बघायला ही मंडळी थेट पॅसिफिक महासागरातल्या कॅरोलाइन बेटावर गेली. आणि मग आला तो आमचा विषय, ठिणग्यांचा. रुमकॉर्फ कॉइलनं ठिणगी पाडायची आणि ती थेट फोटोच्या काचेवर उतरवायची. धन टोकाची नक्षी वेगळी, ऋण टोकाची वेगळी. ओरल परीक्षेत सर हटकून विचारतात तो प्रश्न या काचांवरच स्पष्ट दिसतो.

त्रुव्हलो म्यूदाँत ठिणग्यांचे फोटो काढत होता तेव्हा तिकडे मेडफर्डला काय चाललं होतं?

पहिली दहा-बारा वर्षं फारसं काही दिसलं नव्हतं. मर्टल स्ट्रीटवरच्या शेजाऱ्यांना दर उन्हाळ्यात अळ्यांचा त्रास व्हायचा, एवढंच. ते बिचारे झाडून-जाळून भागवायचे. किडींचं असंच असतं. नव्या जागी ती आधी मुकाट्यानं दबा धरून बसते. पक्षी, परजीवी माश्या, रोग असे तिचे घरचे शत्रू सगळे युरोपात राहिलेले, आणि खायला ओकपासून सफरचंदापर्यंत तीनशेहून जास्त प्रकारची झाडंझुडपं. एका अंडीपुंजात पाचशे-सातशे, कधी हजार अंडी. मादीला पंख आहेत पण ही युरोपी जात उडत नाही. पसरण्याचं काम नुकत्या जन्मलेल्या केसाळ अळ्या करतात. रेशमाच्या धाग्याला लोंबकळायचं आणि वाऱ्यावर स्वार व्हायचं. उरलेलं काम माणूस करतो. अंडीपुंज गाडीला चिकटतो, सरपणाला चिकटतो, दगडांना चिकटतो, आणि आठ-नऊ महिने तसाच सुप्त राहून प्रवास करतो.

१८८९च्या उन्हाळ्यात मेडफर्डमध्ये कहर झाला. एकामागून एक झाडं बोडकी झाली. जूनमध्ये हिवाळ्यासारखा देखावा. भिंतींवर, कुंपणांवर, फुटपाथवर अळ्यांचा थर. चालताना पाय घसरायचे. घरात, अंथरुणात, कपड्यांत अळ्या. केसांमुळे अंगाला खाज. रात्री शांत झालं की हजारो जबड्यांचा पाला कुरतडल्याचा आवाज ऐकू यायचा आणि त्यांची विष्ठा पावसासारखी टपटपायची. बायका-पुरुष डबे घेऊन अळ्या गोळा करत, वर उकळतं पाणी नाहीतर घासलेट ओतत. दुसऱ्या दिवशी तितक्याच हजर.

गंमत म्हणजे ही कोणती अळी हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. नमुने ॲम्हर्स्टच्या कृषी प्रयोग केंद्रात गेले. तिथले प्राध्यापक फर्नाल्ड नेमके युरोपात होते. त्यांच्या पत्नी मारिया फर्नाल्ड यांनी युरोपी पुस्तकं उघडून कीड ओळखली. मग कुणाला तरी आठवलं, २७ नंबरच्या घरात पूर्वी एक फ्रेंच माणूस राहायचा, जाळ्या लावून अळ्या पाळायचा.

१८९०मध्ये राज्याच्या विधिमंडळानं सुरुवातीला २५,००० डॉलर मंजूर केले आणि कीड समूळ नष्ट करण्याची मोहीम सुरू झाली. माणसं दोर बांधून झाडांच्या शेंड्यापर्यंत चढायची, अंडीपुंजांवर क्रिओसोट लावायची, खोडांना गोणपाटाचे पट्टे गुंडाळायची. अळ्या दिवसा सावलीला गोणपाटाखाली दडतात, तिथेच त्यांना मारायचं. पॅरिस ग्रीन हे आर्सेनिकचं विष फवारलं, पण त्यानं पानं करपत. मग याच मोहिमेत शिसं आणि आर्सेनिक मिळून लेड आर्सेनेट तयार झालं. ते पानाला चिकटून राही, पावसानं धुपत नसे. पुढे पन्नासेक वर्षं ते जगभरच्या सफरचंदाच्या बागांतून फवारलं गेलं आणि जुन्या बागांच्या मातीत त्याचं शिसं आजही सापडतं.

त्रुव्हलो २२ एप्रिल १८९५ रोजी म्यूदाँत वारला. पुढच्याच वर्षी, १८९६मध्ये, फोर्बुश आणि फर्नाल्ड यांचा या किडीवरचा जाडजूड अहवाल बोस्टनला छापला गेला. त्याच्या चित्रांचं कौतुक तिथे कुठून असणार?

दहा वर्षांत दहा लाखांहून जास्त डॉलर खर्च झाले आणि मोहीम खरोखर यशस्वी होत आली. १९००च्या सुमाराला अळी इतकी कमी दिसू लागली की विधिमंडळातल्या काहींना वाटलं, आता कशाला पैसे? निधी बंद. झालं! पाच वर्षांत कीड कितीतरी पट मोठ्या मुलखात पसरली, शेजारच्या राज्यांत घुसली. १९०५मध्ये पुन्हा काम सुरू झालं तेव्हा समूळ नष्ट करण्याची भाषाच संपली होती. अँटिबायोटिकचा कोर्स तिसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून सोडणारे आपल्या विंगमध्येही आहेत.

१९२३मध्ये हडसन खोऱ्याच्या बाजूनं अडथळ्याचा पट्टा आखला, तोही फुटला. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून डीडीटी फवारली. १९५७मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ती बागा, गोठे, तळी सगळ्यांवर पडली. लोक कोर्टात गेले. खटला हरले, पण त्या कागदपत्रांतून रॅचेल कार्सन यांना बरीच सामग्री मिळाली आणि १९६२मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आलं. १९८१ हे सगळ्यात वाईट साल. एका वर्षात सुमारे १ कोटी २९ लाख एकर जंगलाची पानं गेली. ओक एकदा पुन्हा पालवतो, पण लागोपाठ दोन-तीन वर्षं असं झालं की मरतो. १९८९मध्ये एक बुरशी अळ्यांवर रोग पाडताना सापडली. त्याच जातीची बुरशी १९१०-११मध्ये जपानहून आणून बोस्टनजवळ सोडली होती आणि प्रयोग फसला म्हणून विसरली होती. तेव्हापासून थोडा दिलासा आहे. शिवाय कीड जिथे नव्यानं पोचते त्या सीमेवर कामगंध सापळे लावून तिचा वेग कमी करण्याचं काम चालतं. आपल्याकडे २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली तेव्हा शेतात टांगलेले सापळे ज्यांनी बघितलेत त्यांना हा प्रकार नवा नाही.

आमच्या विंगमधल्या एकानं मे महिन्यात घरी जाताना टाकीतले रंगीत मासे कॉलेजमागच्या तळ्यात सोडून दिले होते. जीव वाचवले म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

चंद्रावर आल्प्स दरीजवळ एक छोटं विवर आहे, त्याला त्रुव्हलोचं नाव दिलेलं आहे. मंगळावरच्या एका मोठ्या विवरालाही. मेडफर्डमध्ये मात्र त्याचं नाव वेगळ्या कारणासाठी लक्षात राहिलं.

आणि त्याच्या लाडक्या पॉलिफेमसचं काय झालं? स्पंजी पतंगाला मारायला १९०६पासून युरोपातून एक परजीवी माशी आणून सोडली गेली, काँप्सिल्युरा नावाची. ती अळीच्या अंगात आपल्या अळ्या घालते. पण तिला एकाच किडीचं बंधन नाही. दीडशेहून जास्त जातींच्या अळ्या तिला चालतात. स्पंजी पतंग तिच्यानं फारसा आटोक्यात आला नाही. २०००मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी देशी रेशमी पतंगांच्या अळ्या रानात ठेवून बघितल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच या माशीनं संपवल्या. हे मोठाले पतंग तिथे इतके दुर्मिळ का झाले याचं एक मोठं कारण ही माशी असावी, असं त्यांचं म्हणणं आहे. हल्ली मॅसॅच्युसेट्समध्ये कुणाला पॉलिफेमस दिसला तर तो फोटो काढून मित्रांना पाठवतो.